आयडीसी की क्रिंप: पिनबॉलच्या जळालेल्या कनेक्टरच्या जागी काय बसवायचं?

खेळपट्टीवरच्या दिव्यांचा एक गट मिणमिणतो, कनेक्टरवर थाप मारली की पुन्हा लख्ख पेटतो. मागची पेटी उघडली की कनेक्टरच्या पांढऱ्या हाऊसिंगची (प्लास्टिकच्या कवचाची) दोन घरं, म्हणजे वायरींचे कप्पे, तपकिरी झालेली दिसतात. १९९० च्या दशकातल्या विल्यम्स कंपनीच्या डब्ल्यूपीसी या सर्किट बोर्डांच्या पिढीतल्या मशिनमध्ये (डब्ल्यूपीसी-९५ च्या आधीच्या) ही जागा बहुतेक वेळा पॉवर ड्रायव्हर बोर्डावरच्या जे१२० किंवा जे१२१ क्रमांकाच्या कनेक्टरची असते. ट्रान्सफॉर्मरकडून वीज येते ते जे११५ सुद्धा त्याच रांगेतलं.

आता नवीन कनेक्टर आणायचा, तर एकाच हेडरवर (बोर्डाला डाखलेल्या पिनांच्या रांगेवर) बसणारे दोन प्रकार समोर येतात: आयडीसी आणि क्रिंप. दोन्हींच्या पिनांमधलं अंतर ३.९६ मिलिमीटर, दोन्ही पांढरे, समोरून जुळे भाऊ. त्यामुळे "बसतोय ना, मग झालं" असं वाटतं. फरक मागच्या बाजूला आहे, वायर जिथे धातूला भेटते तिथे.

आयडीसीमध्ये वायर सोलतच नाहीत. हाऊसिंगमध्ये धातूचे काटे आधीच बसवलेले असतात. प्रत्येक काट्याला व्ही आकाराची अरुंद फट. वायर वरून दाबली की फटीच्या कडा आवरण कापतात आणि तांब्याला दोन्ही बाजूंनी चावतात. कारखान्यात हे काम झटपट होतं, म्हणून मशिनमध्ये आयडीसी आले. पण संपर्क आहे तो फक्त त्या दोन कडांपुरता, आणि तोही काट्याच्या ताणावर टिकलेला. कंपनाने वायर हलते, उष्णतेने ताण सैल पडतो, आवरण कडक होऊन आकसतं. शिवाय फट एका ठरावीक जाडीच्या वायरसाठीच असते. बारीक वायर तिच्यात सैल राहते, जाड वायरचे काही धागे कापले जातात. एकदा उपटलेली वायर त्याच जागी पुन्हा दाबली तर धागे आधीच चिरलेले असतात. ते करू नये.

क्रिंपमध्ये हाऊसिंग रिकामं मिळतं, टर्मिनल (वायरीच्या टोकाला बसणारे धातूचे तुकडे) सुटी मिळतात. वायर सुमारे ३ मिलिमीटर सोलायची. टर्मिनलला पंखांच्या दोन जोड्या असतात: पुढची तांब्यावर मिटते, मागची आवरणावर. चांगल्या क्रिंपिंग पक्कडीने मिटलेली पुढची जोडी आडवी कापून पाहिली तर इंग्रजी बी अक्षरासारखी दिसते. दोन्ही पंख वळून धाग्यांत घुसलेले आणि मध्ये हवा नाही. साध्या पकडीने चेपलं तर पंख नुसते आडवे पडतात आणि धागे आत मोकळे राहतात. असं टर्मिनल महिन्याभरात जळालं तर दोष क्रिंप पद्धतीचा नाही. डाख देऊन ते सुधारेल असंही समजू नका. डाख धाग्यांमधून वर चढतो आणि वायर नेमकी तिथेच ताठ होऊन तुटते.

उष्णतेचा हिशोब सोपा आहे. ४४ नंबरचा दिवा ६.३ व्होल्टवर २५० मिलिअँपिअर घेतो. असे १८ दिवे एका गटावर असले तर ४.५ अँपिअर. संपर्कात ०.१ ओहम जरी रोध आला तरी त्या एका पिनवर २ वॉट उष्णता, तीही प्लास्टिकच्या बंद घरात. ५ अँपिअरचा फ्यूज इथे काहीच करत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. ४७ नंबरचे दिवे १५० मिलिअँपिअर घेतात. प्रवाह २.७ अँपिअरवर येतो आणि पिनवरची उष्णता जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर. कनेक्टर बदलताना दिवेही बदलावेत ते यासाठी.

म्हणून दिव्यांच्या लाइनवर आमचा कौल स्पष्टपणे क्रिंपला, आणि त्यातही ट्रायफर्कॉन टर्मिनलला. साधं टर्मिनल पिनला एकाच बाजूने दाबतं, ट्रायफर्कॉन तीन बाजूंनी धरतं. टर्मिनल वायरच्या गेजप्रमाणेच (जाडीच्या क्रमांकाप्रमाणे) घ्यायचं. दिव्यांच्या मुख्य वायरी बहुधा १८ गेजच्या असतात. स्विचच्या लाइनवर प्रवाह नगण्य असतो. तिथला शाबूत आयडीसी उगाच छेडू नये.

काम सुरू करण्याआधी प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद केलं तरी पेटीत बटणापर्यंत मेनची वीज असतेच. काही मिनिटं थांबा, मोठे कपॅसिटर रिकामे होऊ द्या. वायरींच्या क्रमाचा फोटो काढा आणि कोणत्या घरात वायर नाही, चावीची पिन (कनेक्टर उलटा बसू नये म्हणून बंद ठेवलेली जागा) कुठे आहे तेही टिपून ठेवा. मग वायर एकेक करून हलवा. सगळ्या एकदम कापल्या की रंगांच्या पट्ट्यांचा घोळ ठरलेला. जळकी वायर तांबं चकचकीत दिसेपर्यंत मागे कापा. काळवंडलेल्या तांब्यावर ना क्रिंप बसतो ना डाख. लांबी कमी पडली तर त्याच गेजचा तुकडा जोडून वर हीटश्रिंक (तापवल्यावर आकसणारी नळी) चढवा. आयडीसीमध्ये एका घरातून दुसऱ्या घरात गेलेली अखंड वायर असेल तर तिथे दोन वायरी एकाच टर्मिनलमध्ये कोंबू नका. बाहेर जोड देऊन प्रत्येक घराला स्वतंत्र शेपटी द्या. टर्मिनल आत गेल्यावर टिक असा आवाज येतो. मग वायर हलकेच मागे ओढून पाहा, निसटली तर टर्मिनलची जीभ थोडी बाहेर वाकवा.

आणि हेडर. ही चूक सर्वांत जास्त होते: नवा कनेक्टर जुन्या काळ्या पिनांवर चढवतात. खडबडीत झालेली पिन नव्या टर्मिनललाही तापवते, आणि थोड्याच दिवसांत तेच दोन तपकिरी डाग दिसू लागतात. हेडरचं प्लास्टिक कापून काढा आणि एकेक पिन तापवून चिमट्याने ओढा. अख्खा हेडर उपटायला गेलात तर छिद्रातलं तांब्याचं अस्तर आणि ट्रॅक सोबत येतात. नवा हेडर बसवल्यावर डाख दोन्ही बाजूंनी पोचलाय का ते भिंगाने पाहा.

शेवटी दिवे पेटवून मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बोर्डावर पिनच्या डाखावर, दुसरं त्याच वायरच्या टर्मिनलच्या धातूवर. चांगल्या जोडावर काही शतांश व्होल्टच दिसतात. ०.३ दिसले तर ते घर पुन्हा उघडा.