उघडी माती आणि उडणारे पाणी

एप्रिल-मे महिन्यांत दख्खनच्या पठारावर उघड्या भांड्यातील पाण्याची पातळी दिवसाला ८ ते १० मिलिमीटरने खाली जाऊ शकते. एक चौरस मीटर जागेवरचे १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर, हे लक्षात घेतले तर परसातील १० चौरस मीटरच्या ओल्या, उघड्या वाफ्यातून एका कडक उन्हाच्या दिवशी चार बादल्या पाणी कोणत्याही रोपाच्या उपयोगी न पडता हवेत जाऊ शकते. म्हणूनच बागेत किती पाणी घातले यापेक्षा त्यातले मातीत किती टिकले, हा हिशेब मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

मातीतून पाणी उडण्याचे दोन टप्पे असतात. पृष्ठभाग ओला असेपर्यंत ऊन आणि वारा जेवढे मागतील तेवढे पाणी माती देत राहते, कारण कणांमधील बारीक पोकळ्यांतून खालचा ओलावा केशाकर्षणाने सतत वर येत असतो. वरचा थर वाळला की ही साखळी तुटते, बाष्पीभवनाचा वेग झपाट्याने उतरतो आणि कोरडी माती खालच्या ओलीवर झाकणासारखी बसते. कोळपणी म्हणजे पिकाच्या ओळींमधली वरची माती हलकेच उकरून मोकळी करणे. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ असे आपले शेतकरी म्हणतात, त्यामागचे कारण हेच आहे. काळी माती वाळताना भेगाळते आणि त्या भेगांतून खोलवरची ओलही निघून जाते. कोळपणीने भेगा बुजतात आणि वर भुसभुशीत मातीचा थर तयार होतो. याउलट रोज संध्याकाळी पाइपने वरवर शिंपडणारा माणूस दररोज पहिला टप्पा नव्याने सुरू करून देत असतो, शिवाय ओल वरच मिळत असल्याने रोपांची मुळेही खोल जात नाहीत. जमिनीतल्या झाडांना काही दिवसांच्या अंतराने, पण मुळांपर्यंत पोहोचेल इतके पाणी द्यावे. कुंड्यांतील माती मात्र थोडी असते आणि चारही बाजूंनी तापते, त्यामुळे त्यांना हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही.

कुंडी असो वा वाफा, पालापाचोळा, उसाचे पाचट किंवा नारळाच्या शेंड्यांचा ५ ते ८ सेंटिमीटरचा थर दोन्हीकडे उपयोगी पडतो. तो ऊन आणि वारा अडवतो, माती थंड ठेवतो आणि कुजल्यावर तिला सेंद्रिय द्रव्य देतो. फक्त खोडालगतची चार बोटे जागा मोकळी सोडावी, नाहीतर तिथे बुरशी धरते. आपल्याकडील अनेक वृक्ष स्वतःचे पाणी वाचवण्यासाठी उन्हाळ्याच्या तोंडावर पाने गाळतात, म्हणजे आच्छादनाची सर्वाधिक गरज असते तेव्हाच ते अंगणात येऊन पडते. तेच गोळा करून जाळताना पाहिले की फार वाईट वाटते.

झाडांची निवडही याच हिशेबाने करावी. हिरवळीची मुळे उथळ असल्याने ती सतत पाणी मागते. तिच्या जागी कोरांटी, अडुळसा, धायटी यांसारखी इथली झुडपे लावली तर मुळे धरल्यानंतर ती थोड्या पाण्यावर तग धरतात. कोरफड आणि पानफुटी तर पानांवरील रंध्रे मुख्यतः रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि दिवसा ती मिटून पाणी राखतात.

भाजीसाठी मात्र मडक्याइतकी साधी आणि अचूक सोय दुसरी नाही. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील एका चिनी कृषिग्रंथातही तिचे वर्णन आहे. बिनरंगाचे, न झिलईचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरायचे, पाण्याने भरायचे आणि भोवती वीतभर अंतरावर मिरची, वांगी किंवा दोडक्याची रोपे लावायची. माती कोरडी झाली की तिचा शोष वाढतो आणि मडक्याच्या छिद्रांतून पाणी अधिक वेगाने बाहेर ओढले जाते. माती ओली झाली की झिरपणे आपोआप मंदावते. पाणी थेट मुळांपाशी पोहोचते, पृष्ठभाग बहुतांशी कोरडाच राहतो आणि त्यामुळे तणही कमी उगवते. तोंडावर घट्ट झाकण ठेवावे, कारण डेंगीचे डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात. बोअरवेलच्या जड पाण्यातील क्षार हळूहळू छिद्रांत साठत जातात, म्हणून हंगाम संपला की मडके उकरून काढावे, काथ्याने घासावे आणि पाणी पुन्हा नीट झिरपते आहे ना, हे पाहूनच पुढच्या हंगामाला पुरावे.