क्लासिकल सॅक्सोफोन: कर्नाटकी रेकॉर्डिंग वेगळं, वेस्टर्न वेगळं

गोव्यात सॅक्स कुणाला नवा नाही, लग्नाच्या रिसेप्शनला असतोच, आणि ब्राझ गोन्साल्विससारखा मोठा जॅझ वादक तर आपल्याच मातीतला. पण 'क्लासिकल सॅक्सोफोन' म्हणून शोधायला गेलं की एकाच लिस्टमध्ये दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी येतात, एकीकडे कद्री गोपालनाथांचं कर्नाटकी वादन आणि दुसरीकडे ग्लाझुनोव, इबेर या संगीतकारांची युरोपियन कॉन्सर्टो (एक वाद्य पुढे, मागे ऑर्केस्ट्रा), आणि आपली साउंडवाली पोरं दोन्हींना एकच माप लावतात, ॲपवर बीपीएम (मिनिटाला किती ठोके) बघायचा, 'की' (key, म्हणजे कुठल्या सुरावरचं सप्तक) बघायची आणि मिक्सला बसायचं. वाद्य बहुतेक वेळा तेच असतं, आल्टो सॅक्स. बाकी हिशोब दोन्हीकडे वेगळा.

आधी टेम्पो. ग्लाझुनोवचं 1934 चं कॉन्सर्टो घ्या, आल्टो सॅक्स आणि फक्त तंतुवाद्यांचा ऑर्केस्ट्रा, साधारण 14 मिनिटं न थांबता चालतं. सुरुवात मध्यम गतीत, मग संथ भाग, मग सॅक्स एकटाच ठेक्याशिवाय वाजतो तो कादेन्झा, आणि शेवट वेगात. आता ॲप याला एकच आकडा देणार, आणि तो आकडा यातल्या कुठल्याच भागाचा नसणार. शिवाय एकाच भागातसुद्धा वादक वाक्य संपवताना सूर ओढून धरतो आणि ऑर्केस्ट्रा त्याच्यासाठी थांबतो, त्यामुळे असं रेकॉर्डिंग क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर) बसवायच्या नादाला लागूच नका.

कर्नाटकीत आलापनेला (रागाच्या आलापीला) ताल नसतो, तिथे ॲप चाचपडतं ते ठीक आहे. पण कृती, म्हणजे बांधलेली रचना, सुरू झाली की लय धरलेली असते आणि मृदंग आला की ती अजून पक्की होते. इथे गडबड होते ती दुपटीची. कल्पनास्वरांत (तालात आयत्या वेळी रचलेल्या सरगमींत) वादक दुप्पट गतीला गेला की ॲप 80 चे 160 करून मोकळं होतं, लय मात्र होती तिथेच असते. आदिताल हातावर धरून बघा, एक टाळी आणि तीन बोटं, मग टाळी आणि हात उलटा, परत टाळी आणि हात उलटा, झाल्या आठ. हात जर त्याच चालीने चालला तर 80 च खरं.

खरा गोंधळ कीचा आहे. वेस्टर्नमध्ये की म्हणजे तुकड्याचं घर, तिथून बाहेर पडायचं, दुसऱ्या कीमध्ये फिरून यायचं. ग्लाझुनोवचं कॉन्सर्टो ई फ्लॅट मेजर, म्हणजे आपल्या पेटीवर काळी दोन. पण आल्टोवाल्याच्या समोरच्या कागदावर तेच सी मेजर लिहिलेलं असतं, कारण आल्टोवर सी वाजवला की कानावर ई फ्लॅट येतो. म्हणून वादक "सी" म्हणाला की तो कागदावरचा की कानावरचा हे आधी विचारून घ्यायचं, नाहीतर पेटीवाला पांढरी एक धरून बसतो आणि रिहर्सलचा अर्धा तास त्यातच जातो.

कर्नाटकीत फिरणं नाही. तंबुऱ्यावर षड्ज लागला की शेवटपर्यंत तोच, आणि वर राग. ॲपला राग कळत नाही, ते फक्त सूर मोजतं. समजा षड्ज पांढरी एक आणि राग कल्याणी, म्हणजे आपल्या यमनचे सूर, सगळे शुद्ध आणि मध्यम तेवढा तीव्र. हेच सात सूर जी मेजरचेसुद्धा आहेत, मग ॲप बेधडक 'जी मेजर' सांगतं आणि कुणीतरी खाली जीचा ड्रोन (अखंड धरलेला सूर) लावून ठेवतो. सगळा राग मोडला! उलट कदनकुतूहलम रागात सूर मेजर स्केलचेच, त्यामुळे 'रघुवंश सुधा'ला ॲप बरोबर उत्तर देऊ शकतं, आणि त्याच भरवशावर माणूस पुढच्या रागाला फसतो. त्यात कद्रींची गमकं, म्हणजे सूर हलवत घेणं. त्यांचे वडील नागस्वरम वाजवायचे, ती मींड सॅक्सवर यावी म्हणून त्यांनी वाद्याच्या कळांमध्येसुद्धा बदल करून घेतले, आणि सूर असा सतत हलता असला की मोजणारं मशीन गोंधळणारच. तंबुरा ऐका, षड्ज शोधा, संपलं.

मिक्सिंग ऐकताना हेडफोन लावा. वेस्टर्न रेकॉर्डिंगमध्ये मुख्य माइक बहुधा लांब असतात, सॅक्स हॉलच्या हवेतून येतो, हळू आवाजाचे भाग खरंच हळू असतात. ते कॉम्प्रेस करून, म्हणजे लहान-मोठा आवाज एका पातळीला आणून, सपाट केलं की जीवच गेला. कर्नाटकीत प्रत्येकाला जवळचा माइक, सॅक्स पुढे आणि भरलेला, व्हायोलिन, मृदंग, मोरसिंग (तोंडात धरून वाजवायचं छोटं वाद्य) आपापल्या जागी, खाली तंबुरा अखंड, आणि रिव्हर्ब (घुमारा) बऱ्याचदा नंतर चढवलेला.

देवळाच्या सभामंडपात नाट्यगीताला सॅक्स घेणार असाल तर रेफरन्सला कर्नाटकी रेकॉर्डिंग लावा, तबला आणि पेटीच्या शेजारी तोच आवाज बसतो. फक्त माइक थेट सॅक्सच्या भोंग्याच्या तोंडात खुपसू नका. सॅक्सचा आवाज भोंग्यातून कमी आणि उघड्या भोकांतून जास्त येतो, भोंग्यातून अंगावर येतात ते खालचेच सूर, आणि मग तेवढेच दणकतात. भोंग्यापासून हातभर लांब, तोंड मधल्या कळांकडे, एवढं केलं तरी ईक्यूचं (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करायचं) निम्मं काम वाचतं. आल्टोचा सगळ्यात खालचा सूर 139 हर्ट्झच्या आसपास आहे, त्यामुळे 100 च्या खालचं बिनधास्त कापा, तिथे फक्त पंख्याची घरघर असते.