आधी स्पीकर, मग अ‍ॅम्प्लिफायर

व्हॅक्यूम ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर आणि हॉर्न स्पीकर घेऊ इच्छिणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे चौकशीसाठी येणारे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न अ‍ॅम्प्लिफायरविषयी विचारतात: ट्यूब कोणती, वॅट किती, बनावट कुठली. तापून उजळलेली काचेची ट्यूब डोळ्यांत भरते, त्यामुळे हा प्रश्न स्वाभाविक आहे. तरीही उत्तर देण्याआधी आम्ही ग्राहकाच्या स्पीकरची आणि खोलीची माहिती विचारून घेतो. आठ वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर एका स्पीकरला पुरून उरतो, तर दुसऱ्या स्पीकरवर तोच अ‍ॅम्प्लिफायर वाद्यवृंद जरा चढला की धापा टाकू लागतो. म्हणून हे दोन घटक सुटे सुटे न निवडता जोडीनेच निवडावेत, आणि त्या जोडीत स्पीकरचा विचार आधी करावा, असा आमचा आग्रह आहे. त्यामागची कारणे या पत्रकात दिली आहेत.

कर्णा काय करतो

हातांचा द्रोण तोंडाशी धरून हाक मारली की ती दूरवर पोहोचते. हॉर्न स्पीकर याच तत्त्वावर चालतो. साध्या स्पीकरमध्ये कागदाचा किंवा तत्सम पदार्थाचा शंकू थेट खोलीतील हवा ढकलतो. हवा फार हलकी आणि शंकू तुलनेने जड असल्यामुळे स्पीकरला दिलेल्या विजेपैकी साधारण एक टक्काच आवाजात उतरते आणि बाकीची उष्णता होऊन जाते. कर्णा लावला की पडद्यासमोरची (शंकूसारखाच पुढेमागे हलणाऱ्या पातळ भागासमोरची) हवा अरुंद गळ्यात कोंडली जाते. त्यामुळे पडद्याला ढकलण्यासाठी काहीतरी भरीव मिळते, आणि हा दाब कर्ण्याच्या वाढत्या रुंदीबरोबर हळूहळू खोलीत उतरतो. चांगल्या हॉर्नची कार्यक्षमता साध्या स्पीकरच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक असते.

याचा दुसरा लाभ आमच्या मते पहिल्यापेक्षा मोठा आहे. तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला फारच थोडे हलावे लागते. पडद्याची हालचाल लहान राहिली की चुंबकाच्या क्षेत्रातून पडद्याला जोडलेली तारेची कॉइल बाहेर जात नाही, पडद्याच्या कडा ताणल्या जात नाहीत आणि विकृती कमी राहते. तालवाद्यावर पडलेल्या थापेची सुरुवात हॉर्नवर इतकी स्वच्छ ऐकू येते, त्याचे एक प्रमुख कारण हे आहे.

कर्ण्याची ही विद्या जुनी आहे. बेल प्रयोगशाळेतील वेंटे आणि थुरास यांनी १९२६ च्या सुमारास कॉम्प्रेशन ड्रायव्हर, म्हणजे कर्ण्याच्या गळ्यात हवा दाबणारा पडदा आणि चुंबक यांचा संच, विकसित केला आणि बोलपटांच्या पहिल्या काळात चित्रपटगृहांमध्ये तो वापरला गेला. त्या काळचे अ‍ॅम्प्लिफायर जेमतेम काही वॅटचे होते आणि तेवढ्यावर शेकडो प्रेक्षकांना ऐकवायचे होते. कर्ण्यावाचून ते शक्यच नव्हते. म्हणजे कमी वॅटची ट्यूब आणि मोठा कर्णा यांची जोडी शौकापोटी जमलेली नसून गरजेपोटी जन्मलेली आहे.

कर्ण्याचा आकार मात्र भौतिकशास्त्र ठरवते आणि तेथे तडजोडीला फारसा वाव नसतो. कर्ण्याच्या तोंडाचा घेर त्याला वाजवायच्या सर्वांत खालच्या स्वराच्या तरंगलांबीएवढा असावा, हा प्रचलित नियम आहे. ३०० हर्ट्झच्या तरंगाची लांबी सुमारे १.१५ मीटर असते, म्हणून तेथपर्यंत उतरणाऱ्या कर्ण्याच्या तोंडाचा व्यास सुमारे ३६ सेंटिमीटर येतो आणि तो घरात सहज मावतो. हाच हिशेब ५० हर्ट्झसाठी केला तर व्यास दोन मीटरच्या वर जातो. यावर पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात काढलेला तोडगा आजही वापरात आहे: कर्णा पेटीच्या आत घड्या घालून बसवायचा आणि पेटी खोलीच्या कोपऱ्यात ठेवायची, म्हणजे दोन भिंती आणि जमीन मिळून कर्ण्याचे उरलेले तोंड तयार होते. ज्यांच्या खोलीत दोन मोकळे कोपरे नाहीत त्यांना आम्ही मध्यम व उच्च स्वरांसाठी हॉर्न आणि खर्जासाठी मोठ्या आकाराचा साधा वूफर अशी रचना सुचवतो. तिला कोणी दुय्यम समजू नये. अपुऱ्या कर्ण्यातून ओढूनताणून काढलेल्या खर्जापेक्षा चांगल्या वूफरचा खर्ज केव्हाही बरा.

वॅटचा हिशेब

स्पीकरची संवेदनशीलता डेसिबलमध्ये सांगतात: एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती आवाज मिळतो, तो हा आकडा. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर वॅट दुप्पट लागतात आणि १० डेसिबलने वाढवायचा तर दहापट. ८८ डेसिबलचा साधा स्पीकर आणि १०४ डेसिबलचा हॉर्न शेजारी ठेवले, तर हॉर्न १ वॅटवर देतो तेवढ्या आवाजासाठी साध्या स्पीकरला सुमारे ४० वॅट द्यावे लागतात.

हाच हिशेब उलट बाजूने मांडला तर तो अधिक बोलका होतो. घरात निवांत ऐकताना एक मीटरवर सरासरी ८० डेसिबल आवाज पुष्कळ होतो. १०४ डेसिबलच्या हॉर्नला त्यासाठी लागणारी शक्ती सुमारे ४ मिलिवॅट, म्हणजे एका वॅटचा अडीचशेवा भाग, इतकीच असते. संगीतातील ठळक आघात सरासरीच्या २० डेसिबल वर गेले तरी मागणी अर्ध्या वॅटच्या आतच राहते. त्यामुळे हॉर्नसाठी अ‍ॅम्प्लिफायर निवडताना त्याची कमाल शक्ती पाहण्यापेक्षा त्याचा पहिला अर्धा वॅट किती शुद्ध आहे ते पाहावे. जास्त वॅटसाठी जास्त पैसे मोजण्याची येथे गरज नसते.

ट्यूब आणि तिचा स्वभाव

फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन विद्युतध्रुवांची निर्वात नलिका बनवली आणि १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात तिसरा ध्रुव, म्हणजे ग्रिड, बसवला. तापलेल्या फिलामेंटमधून किंवा कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन प्लेटकडे धावतात आणि मधल्या ग्रिडवरील लहानसा विद्युतदाब त्या प्रवाहाचे नियंत्रण करतो. सिग्नल मोठा करण्याचे मूळ एवढेच आहे.

हॉर्नसोबत आम्ही मुख्यतः एका ट्यूबचे, म्हणजे सिंगल एंडेड, ट्रायोड (तीन ध्रुवांच्या ट्यूबचे) अ‍ॅम्प्लिफायर देतो. वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३८ मध्ये आणलेली ३००बी ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध ट्यूब. ती साधारण ७ ते ८ वॅट देते. तिच्याहून जुनी २ए३ सुमारे साडेतीन वॅट देते. पूर्ण शक्तीवर या रचनेची विकृती काही टक्क्यांपर्यंत जाते, हे आम्ही लपवत नाही. मात्र त्या विकृतीचा मोठा भाग मूळ स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येचा, म्हणजे एक सप्तक वरचा तोच स्वर असतो, आणि आवाज कमी होत जातो तशी तीही कमी होते. पूर्ण शक्तीवर पाच टक्के विकृती असलेला अ‍ॅम्प्लिफायर त्या शक्तीच्या शंभराव्या भागावर चालवला, तर विकृती अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. हॉर्न त्याला नेमके तेथेच वापरतो. हाच अ‍ॅम्प्लिफायर ८८ डेसिबलच्या स्पीकरला जोडला तर तो सतत आपल्या कमाल मर्यादेजवळ वावरतो आणि त्याचे गुण दिसण्याआधी त्याचे दोष ऐकू येतात. ज्यांना आपले सध्याचे स्पीकर बदलायचे नाहीत, त्यांनी ईएल३४ किंवा केटी८८ ट्यूबच्या जोडीचा, पुश-पुल रचनेचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा. त्यातून ३० ते ५० वॅट सहज मिळतात.

ट्यूबच्या नावाइतकीच चर्चा आउटपुट ट्रान्सफॉर्मरची व्हायला हवी. ३००बीला सुमारे ३,५०० ओहमचा भार हवा असतो आणि स्पीकर ८ ओहमचा असतो. ही दरी ट्रान्सफॉर्मर सुमारे २१ पट वेढ्यांच्या फरकाने सांधतो. सिंगल एंडेड रचनेत त्याच्यातून एकदिश प्रवाहही अखंड वाहत असल्यामुळे गाभा चुंबकीयदृष्ट्या भरून जाऊ नये म्हणून त्यात हवेची बारीक फट ठेवावी लागते, आणि फट ठेवली की खर्ज टिकवण्यासाठी गाभा मोठा घ्यावा लागतो. चांगला ट्रान्सफॉर्मर जड असतो, तो यासाठी. पैशांची मर्यादा असेल तर ते आधी ट्रान्सफॉर्मरवर घालावेत. दुर्मिळ जुन्या ट्यूब पुढेही बसवता येतात, ट्रान्सफॉर्मर मात्र कोणी बदलत बसत नाही.

जोडी जुळते की नाही

फीडबॅक (बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा अंश परत आत देऊन केलेली दुरुस्ती) नसलेल्या ट्रायोड अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत रोध दोन-तीन ओहम असतो. स्पीकरचा रोध कंपनसंख्येप्रमाणे बदलतो. तो ४ पासून २० ओहमपर्यंत हेलकावत असेल, तर अडीच ओहमच्या अ‍ॅम्प्लिफायरवर काही स्वर इतरांपेक्षा सुमारे ३ डेसिबलने उचलले जातात आणि मूळ ध्वनिमुद्रणात नसलेला एक रंग संगीताला चढतो. म्हणून संवेदनशीलतेच्या आकड्याबरोबर स्पीकरच्या रोधाचा आलेखही मागून घ्यावा. तो जितका सपाट, तितकी जोडी चांगली.

दुसरी अडचण शांततेची आहे, आणि हॉर्न घेणाऱ्याने तिचा विचार सर्वांत आधी करावा. संगीत थांबलेले असताना अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकांवर १ मिलिव्होल्ट गुणगुण किंवा सळसळ उरली असेल, तर ८८ डेसिबलच्या स्पीकरवर ती एक मीटरवर १९ डेसिबल भरते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. १०४ डेसिबलच्या हॉर्नवर तीच ३५ डेसिबल होते आणि रात्रीच्या शांत खोलीत कानाला टोचत राहते. फिलामेंट एकदिश विजेवर तापवणे, अर्थिंगच्या जोडण्या एका बिंदूवर आणणे, पॉवर ट्रान्सफॉर्मर सिग्नलच्या मार्गापासून दूर बसवणे ही कामे बाहेरून दिसत नाहीत, पण आमच्या कारागिरांचा सर्वाधिक वेळ त्यांतच जातो. परीक्षा करताना ग्राहकाने गाणे थांबवून आवाजाचे बटण नेहमीच्या जागी ठेवावे आणि कान कर्ण्याजवळ न्यावा. ही परीक्षा आमच्या यंत्रांवर करावी आणि इतरांच्याही करावी.

स्पीकरच्या तारा पुरेशा जाड आणि जोडण्या घट्ट असाव्यात, इतकेच आम्ही म्हणतो.

खोली आणि बैठक

कर्णा आवाज एका दिशेने नेतो, त्यामुळे बाजूच्या भिंतींवरून येणारे पडसाद कमी होतात आणि दूर बसलेल्यालाही शब्द स्पष्ट ऐकू येतात. मात्र दोन किंवा तीन कर्ण्यांचे आवाज एकमेकांत मिसळायला थोडे अंतर लागते. स्पीकरपासून बैठक अडीच-तीन मीटरहून जवळ असेल, तर खालचा आणि वरचा स्वर वेगवेगळ्या जागांहून येतो आहे असे वाटते. अशा लहान खोलीसाठी आम्ही मोठे हॉर्न विकत नाही, ग्राहकाची कितीही इच्छा असली तरी. तेथे संवेदनशील, एकाच ड्रायव्हरचा स्पीकर अधिक समाधान देतो.

रोजचा वापर

अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकर जोडल्याशिवाय तो कधीही चालू करू नये. भार नसताना सिग्नल आला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये फार मोठा विद्युतदाब निर्माण होऊन त्याचे इन्सुलेशन जळू शकते. आतील कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या आसपासचा दाब बंद केल्यानंतरही काही काळ टिकून राहतो, त्यामुळे तळाचे झाकण ग्राहकाने उघडू नये. पॉवर ट्यूबची काच भाजण्याइतकी तापते. लहान मुले असलेल्या घरात ट्यूबवरची जाळी काढू नये. चारही बाजूंना आणि वर मोकळी जागा ठेवावी. सुरू केल्यानंतर वीस मिनिटांनी आवाज स्थिर होतो. बंद करून लगेच पुन्हा चालू करणे टाळावे.

ट्यूबची प्रकृती काचेतून दिसते. काचेच्या आत आरशासारखा चंदेरी थर असतो. तो बेरियमचा असून उरलेसुरले वायू शोषून घेतो. तो थर दुधासारखा पांढरा झाला, तर काचेला तडा जाऊन आत हवा शिरली आहे असे समजावे. ती ट्यूब पुन्हा लावू नये. काचेच्या आतील पृष्ठभागावर दिसणारी निळसर आभा निरुपद्रवी असते. प्लेट लाल होऊ लागली, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता वीज बंद करावी आणि आम्हाला कळवावे, कारण त्याचा अर्थ बहुधा बायस, म्हणजे ग्रिडवरील स्थिर विद्युतदाब, बिघडला असा असतो आणि ट्यूबपाठोपाठ ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो.

पॉवर ट्यूब साधारण काही हजार तास चालतात. लहान ट्यूब त्याहून बऱ्याच जास्त. रोज तीन तास ऐकणाऱ्याला ३,००० तासांची ट्यूब पावणेतीन वर्षे पुरते. ट्यूब म्हातारी होते तेव्हा ती एकदम बंद पडतेच असे नाही. खर्ज सैल होतो, आवाजातील धार बोथट होते आणि हा बदल इतका सावकाश होतो की रोज ऐकणाऱ्याला तो जाणवत नाही. म्हणून वर्षातून एकदा मोजमाप करून घ्यावे. दोन्ही बाजूंच्या पॉवर ट्यूब एकदमच आणि मोजून जुळवलेल्या जोडीनेच बदलाव्यात.

ऐकायला येताना खोलीची लांबी, रुंदी व उंची, दारे-खिडक्यांच्या जागा दाखवणारे साधे रेखाचित्र आणि सध्याच्या स्पीकरचे माहितीपत्रक सोबत आणावे. आपल्या पूर्ण ओळखीची दोन-तीन ध्वनिमुद्रणे आणावीत, आणि त्यांतील एक तरी जुने, साधारण दर्जाचे असावे. उत्तम ध्वनिमुद्रण कोणत्याही यंत्रावर चांगलेच वाजते. नेहमी घरी ऐकता त्याच पातळीवर आवाज ठेवायला सांगावे. यंत्र दुरुस्तीसाठी पाठवताना ट्यूब काढून, प्रत्येकीवर तिच्या जागेची खूण करून, वेगळ्या खोक्यात भराव्यात.