शिनवाझरी चहापात्रे, इंग्रजी

शिनवाझरी म्हणजे चिनी कलेचा भास निर्माण करणारी यूरोपीय अलंकरणशैली. अठराव्या शतकातील इंग्रजी पोर्सेलिनच्या चहापात्रांवर ती झिलईवरील रंगांत व झिलईखालील निळ्यात आढळते. येथे दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे. मनोरे, पूल, नावा, बेटे हे विषय चिनी निर्यात-भांड्यांवरून आले, पण त्यांची जुळणी पुष्कळदा इंग्रज खोदकाराची स्वतःची असते. त्यामुळे तिला नुसती नक्कल म्हणणे योग्य नाही.

लंडनजवळच्या बो कारखान्याने कँटन या चिनी बंदरावरून ‘न्यू कँटन’ हे नाव घेतले होते. तेथील मातीत हाडांची राख असे. इंग्लंडमधील वूस्टर येथील कारखान्यात (स्थापना १७५१) संगजिरे हा मऊ दगड वापरीत. वूस्टरचे हे पोर्सेलिन उकळत्या पाण्याने सहसा तडकत नसे, म्हणून किटल्या आणि बिनकानाचे पेले यांसाठी ते विशेष सोयीचे ठरले.

छापील निळी नक्षी वूस्टरला साधारणपणे १७५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली असावी. कोबाल्ट हे निळा रंग देणारे द्रव्य तेलात खलून नक्षी कोरलेल्या कोमट तांब्याच्या पत्र्यावर भरीत, पातळ कागदावर ठसा घेऊन तो एकदा भाजलेल्या, बिनझिलईच्या भांड्यावर घोटून बसवीत आणि कागद पाण्याने सोडवीत. मग मंद भाजणीत तेल जाळून झिलई देत व पुन्हा भाजीत. तेल उरले तर तेथे झिलई धरत नाही; झिलई फार पातळ वितळली तर निळा पसरून रेषा पुसट होतात. गोल पोटावर सपाट कागद नीट बसत नाही, म्हणून कडपट्टीचा सांधा जुळत नाही. छापील काम ओळखण्याची ही चांगली खूण आहे.

एखादे भांडे वूस्टरचे की काफ्ली कारखान्याचे (श्रॉपशर, टॉमस टर्नर, १७७२ पासून), हा वाद दीर्घकाळ चालला. अंकांना चिनी अक्षरांचे वळण दिलेल्या खुणा पूर्वी काफ्लीच्या मानल्या जात. वूस्टरच्या जुन्या जागेतील उत्खननात अशा खुणांचे टाकाऊ तुकडे निघाल्यावर त्या वूस्टरच्या ठरल्या. हेच मत आता ग्राह्य दिसते. वूस्टरची चंद्रकोरीची खूण छापील भांड्यांवर बहुधा रेषांनी भरलेली, तर हाताने रंगवलेल्यांवर पोकळ असते. ‘कोळी’ (मासेमार) ही नक्षी दोन्हीकडे होती: काफ्लीच्या कोळ्याच्या हातातील मासा आखूड व जाड, वूस्टरचा लांब व सडपातळ.