जुलाबाची गोळी आणि हृदयाचा ठेका

मे महिना उजाडला की बीड-जालन्याकडं टँकरच्या पाण्यामागोमाग जुलाबही येतात. मेडिकलच्या काउंटरवर मग मागणं एकच, "भाऊ, संडास थांबायची गोळी द्या." पुष्कळदा हातात पडते ती लोपेरामाइड. पूर्वी बाया शेतावर जाताना तान्ह्याला अफू चाटवून निजवायच्या. ही गोळी त्याच अफूच्या गोतातली, हे घेणाऱ्याच्या गावीही नसतं.

ती आतड्याच्या नसांना शांत करते. मेंदूच्या वेशीवरचा प्रथिनांचा पंप तिला माघारी धाडतो, म्हणून नेहमीच्या मात्रेत नशा येत नाही. अफूतलंच मॉर्फिन मात्र आत शिरतं आणि व्हेगस नसेचा जोर वाढवतं. ही नस म्हणजे हृदयाचा लगाम. १९२१ साली शास्त्रज्ञ ओटो लोवींनी बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेतवली आणि भोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला, तर तेही मंदावलं.

ठोके नुसते मंदावले तर बहुतेक वेळा निभतं. पण प्रत्येक ठोक्यानंतर पेशींतून पोटॅशियम बाहेर पडावं लागतं, तेव्हा कुठं हृदय पुढच्या ठोक्याला तयार होतं. मेथाडोन हे अफूवर्गीय औषध, आणि भरमसाट घेतलेलं लोपेरामाइडही, ही वाट अडवतं. ईसीजीच्या कागदावर ते मोजता येतं. एक बारीक चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. क्यूटी म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून हृदय पुन्हा तयार होईपर्यंतचं अंतर, ते साधारण अकरा चौकोनांचं. साडेबारांच्या, म्हणजे ५०० मिलिसेकंदांच्या पुढं गेलं की डॉक्टर सावध होतात. ठोके मंद असले की ते आणखी ताणतं. अशात एखादा अवेळी ठोका पडला, तर रेघ सुंभासारखी पीळ खात सुटते. फ्रेंच डॉक्टर देसेर्तेन यांनी १९६६ मध्ये तिला नाव दिलं, टोरसाद द प्वांत. रक्त पुढं ढकललं जात नाही, माणूस उभ्याउभ्या कोसळतो.

ठरल्या मात्रेत लोपेरामाइड सुरक्षित आहे. अमेरिकेच्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएनं २०१६ मध्ये इशारा दिला तो मात्रेच्या कितीतरी पट गोळ्या घेणाऱ्यांसाठी. नशेसाठी किंवा अफूची सवय सुटतानाचा त्रास मारायला काहीजण तसं करतात.

मला काळजी वाटते ती एकत्र येणाऱ्या गोष्टींची. जुलाबातून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम वाहून जातं. त्यावर उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन, जंतूंसाठी अझिथ्रोमायसिन. दोन्ही क्यूटी लांबवणारी. म्हातारी आधीच हृदयाच्या गोळ्यांवर असेल तर हे सगळं एकाच काळजावर येतं. म्हणून डॉक्टरांकडं जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. आणि नुसत्या मीठ-साखरेच्या पाण्यावर थांबू नका, त्यात पोटॅशियम नसतं. एक लिटरच्या ओआरएसच्या पुडीत दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं.