शंखातल्या विषाची पूर्वपीठिका

मराठवाड्याला समुद्र नाही. त्यामुळे कोकणच्या सहलीतून आणून कपाटात मांडलेला निमुळता, नक्षीदार शंख एखाद्या विषारी शिकाऱ्याचे घर असू शकेल, हे इथे सहसा कुणाच्या मनात येत नाही. विंचू-इंगळी मात्र ओळखीची. कडब्याची पेंढी उचलताना लाल विंचू डसला की दरदरून घाम फुटतो आणि हातपाय गार पडतात, कारण त्याचे विष चेतापेशींच्या पटलातील सोडियम वाहिन्या, म्हणजे सोडियमचे कण आत सोडणारी दारे, उघडल्यावर वेळेत मिटू देत नाही. मूळ जालना जिल्ह्याचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून या दंशाचे मृत्यू खाली आणले, ते विषाने उसळलेल्या परिणामांना आवर घालून. त्या निमुळत्या शंखात राहणाऱ्या शंकू गोगलगाईचे विष याच वाहिन्यांवर चालते, मात्र तिच्याकडे एक नव्हे, अनेक किल्ल्या आहेत.

या विषाची जुनी लेखी नोंद रुम्फियस या निसर्गअभ्यासकाची असून ती त्याच्या मृत्यूनंतर, 1705 मध्ये छापली गेली: आजच्या इंडोनेशियातील बांदा बेटावर जाळे ओढताना सापडलेला शंख एका गुलाम स्त्रीने हातात धरला, तळहाताला किंचित खाज सुटली, ती दंडावरून अंगभर पसरली आणि स्त्री दगावली. वेदना नव्हे, खाज; हा तपशील मला फार बोलका वाटतो.

एवढे जहाल विष कशासाठी, याचा उलगडा 1956 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ ॲलन कोन यांच्या निरीक्षणातून झाला. काही जाती चक्क मासे खातात. संथ गोगलगाईला माशाचा पाठलाग शक्य नाही, म्हणून पोकळ, काटेरी दात भाल्यासारखा खुपसून मासा जागच्या जागी थिजवावा लागतो. त्यासाठी एक विषघटक सोडियम वाहिन्या उघड्या ठेवतो, दुसरा पोटॅशियमच्या वाहिन्या बंद करतो आणि मासा क्षणात ताठरतो. मागून येणारे घटक चेतातंतू व स्नायू यांच्यातला निरोपच तोडतात.

हे घटक सुटे करण्याचे काम जीवरसायनशास्त्रज्ञ बाल्दोमेरो ऑलिव्हेरा यांनी फिलिपिन्समधल्या मनिलात सुरू केले. महागडी उपकरणे नव्हती, शंख मात्र मुबलक होते. पुढे अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात क्रेग क्लार्क या विद्यार्थ्याने विष उंदरांच्या पोटात न टोचता थेट मेंदूत टोचले, तेव्हा एका घटकाने उंदीर झोपले, तर दुसऱ्याने थरथरू लागले. थरथर आणणारा घटक मायकेल मॅकिंटॉश या, तेव्हा नुकत्याच शाळा संपवलेल्या मुलाने वेगळा केला. तो 25 अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनांच्या तेवढ्या घटक-मण्यांचा, असून चेतातंतूंच्या टोकाशी असलेल्या एन प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्या अडवतो, म्हणजे वेदनेचा निरोप पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतच थांबतो.

अमेरिकेत 2004 मध्ये तो झिकोनोटाइड या नावाने औषध म्हणून मान्य झाला. मॉर्फिनसारखी त्याची सवय जडत नाही. पण तो पंपाने थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावा लागतो, आणि याच वाहिन्या मेंदूतही असल्याने गोंधळलेपण व भास होऊ शकतात, म्हणून मात्रा अगदी हळूहळू वाढवतात.