स्तनाचा कर्करोग : औषधांनंतर शस्त्रक्रिया टाळणे

आधी दिलेल्या औषधांनी स्तनातील कर्करोग नाहीसा झाल्याचे तपासणीत दिसल्यास ऑपरेशन न करता पुढे रेडिएशन, म्हणजे बोलीतला ‘शेक’, देण्याची पद्धत. ती अजून संशोधनाच्या टप्प्यात आहे. नेहमीच्या उपचारात औषधांनंतर ऑपरेशन होतेच.

केमो सुरू झाली की दोन-तीन सलाईनींतच काहींची गाठ हाताला लागेनाशी होते. ‘गाठ गयी, मंग कापानं कसाले?’ हा अहिराणी प्रश्न रास्तच आहे. पण हाताला न लागणारी गाठ सोनोग्राफीत दिसू शकते, आणि सोनोग्राफीत न दिसणाऱ्या पेशीही मागे उरू शकतात. म्हणून गाठीच्या जागेतून जाड सुईने अनेक तुकडे काढून तपासावे लागतात. ती जागा नंतर सापडावी यासाठी उपचाराआधीच गाठीत धातूची बारीक खूण, म्हणजे क्लिप, बसवलेली असावी लागते.

अमेरिकेतील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राच्या नेतृत्वाखालील चाचणीत चाळिशीपुढच्या 50 स्त्रिया होत्या. सर्वांचा आजार सुरुवातीच्या टप्प्यातला, ‘ट्रिपल निगेटिव्ह’ (पेशींवर हार्मोनचे आणि हर-टूचे ग्राहक नसलेला) किंवा ‘हर-टू पॉझिटिव्ह’ (हर-टू हे प्रथिन जास्त असलेला) प्रकारचा होता. औषधांना उत्तम दाद देणारे हेच प्रकार. किमान 12 तुकडे तपासून 31 जणींत कर्करोग आढळला नाही. त्यांना ऑपरेशनऐवजी शेक दिला. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे साडेचार वर्षांच्या पाठपुराव्यात एकीचाही आजार उलटला नाही. निकाल आशादायक आहे, पण 31 ही संख्या लहान आहे. शिवाय इतर काही अभ्यासांत सुईच्या तपासणीतून उरलेला आजार निसटल्याचे दिसले आहे.

खानदेशात खरा धोका वेगळा आहे: गाठ विरघळली म्हणून उपचार मध्येच सोडणे. संशोधनातल्या या पद्धतीत टळते ते फक्त ऑपरेशन. शेक, हर-टू प्रकारातली पुढची इंजेक्शने आणि वर्षानुवर्षांची तपासणी टळत नाही. जळगाव-भुसावळहून मुंबईच्या टाटा रुग्णालयात किंवा नंदुरबारहून सुरतेला जाणाऱ्या बाईला शेकासाठी काही आठवडे रोज हजर राहावे लागते. शेतीच्या हंगामात घरच्यांना हे जड जाते. स्तन वाचवून केवळ गाठ काढण्याचे ऑपरेशनही असते, हे मात्र पुष्कळदा कुणी सांगतच नाही. अख्खा स्तन जाणार या धास्तीने बाया दवाखान्याची पायरी चढायचे लांबवतात. क्लिपबद्दल विचारायचे ते पहिल्या सलाईनीआधी. गाठ दिसेनाशी झाल्यावर ती नेमक्या जागी बसवता येत नाही.